बुधवारच्या टोपल्या

आमच्या डिपार्टमेंटमध्ये वर्षातून दोनदा कपाट आवरायचा दिवस येतो. जुन्या फाइली, तुटलेले स्प्लिंट, बॅटऱ्या गेलेली यंत्रं, सगळं बाहेर काढायचं आणि काय टाकायचं ते ठरवायचं. दर वेळी होतं काय, की एखादी वाकडी टोपली हाताला लागते, साळुंखे म्हणतो, "मॅडम, ही त्यांची ना?" आणि मग आवरणं राहतं बाजूला, चहा येतो, तासभर गप्पा. मागच्या खेपेला तर कपाट होतं तसंच बंद केलं. म्हटलं, निदान किस्से तरी बाहेर काढून ठेवावेत!

साळुंखे म्हणजे आमचा थेरपी असिस्टंट, मूळचा कराडचा. आणि मी वैशाली, नांदेडची, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पक्षाघातानं हात गेलेल्या, बोटं चिरडलेल्या माणसांना पुन्हा गुंडी लावायला, चमचा धरायला शिकवायचं हे माझं काम. कुवेतला येऊन सतरा वर्षं झाली. खैतानला राहते, तिथून हॉस्पिटल वीस मिनिटांवर.

आमच्या विभागाला सगळे 'ओटी' म्हणतात. आपल्याकडे ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. त्यामुळे सासूबाई पहिली दोन वर्षं गल्लीत सांगत होत्या, "आमची सून तिकडं ऑपरेशनं करते." एकदा सुट्टीत गेले, तर शेजारच्या काकू पाठीवरचं गळू दाखवायला आल्या.

मी म्हटलं, "काकू, मी कापत नाही हो. मी पेशंटकडून टोपल्या विणून घेते."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सासूबाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "तिकडची नोकरी गेली का हो हिची?"

*

टोपल्या आमच्याकडे आल्या त्या लिनबाईंबरोबर.

लिनबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले. यजमान इथल्या एका बांधकामावर इंजिनीअर. बाई आल्या त्या पेशंट म्हणून, खांदा आखडला होता. आम्ही त्यांना रबरी चेंडू दाबायला दिला, लाकडी खुंट्या भोकांत बसवायला दिल्या. चार दिवस त्यांनी निमूटपणे केलं. पाचव्या दिवशी पिशवीतून काड्यांची एक जुडी काढली, "बॉल बोरिंग," म्हणाल्या आणि विणायला बसल्या.

काड्या विलोच्या. ज्या झाडाची क्रिकेटची बॅट होते, त्याच्याच भावकीतल्या झाडाच्या कोवळ्या, सोललेल्या फांद्या. बाईंच्या माहेरी, चीनमधल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावात, घरोघरी हेच काम. आजीनं आईला शिकवलं, आईनं यांना. तासाभरात फळांची परडी तयार! आजूबाजूचे सहा पेशंट आपापले चेंडू खाली ठेवून बघत बसले होते. त्यातल्या दोघांचे हात नकळत हलत होते, आणि ते मी पाहिलं.

पुढे खांदा बरा झाला तरी बाई येत राहिल्या. दर बुधवारी सकाळी, शिकवायला.

कुवेती लोक शिकवणाऱ्या बाईला 'अबला' म्हणतात. अरबीत हा मानाचा शब्द. पहिल्याच बुधवारी चहूबाजूंनी हाका सुरू झाल्या. "अबला, इकडे या!" "अबला, हे बघा!"

साळुंखे माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, बाईंना हे लोक अबला का म्हणतायत?"

तेवढ्यात लिनबाईंनी अंगठ्याएवढी जाड काडी गुडघ्यावर ठेवली आणि कट्‌कन मोडली.

साळुंखे म्हणाला, "या अबला, तर मग आपण कोण?"

*

बाईंच्या जवळच्या काड्या दोन महिन्यांत संपल्या. गावाकडून आणखी मागवल्या, जहाजानं. त्या बंदरावर अडकल्या.

कागदपत्रांसाठी सरकारी ऑफिसांत खेटे घालणाऱ्या माणसाला इथं 'मंदूब' म्हणतात. आमचा मंदूब हुसाम, इजिप्तचा, या कामात मुरलेला. फॉर्मवर काय लिहायचं हाच प्रश्न होता. झाड लिहिलं तर शेतीखात्याची परवानगी हवी. लाकूड लिहिलं तर आणखी कोणाची तरी. हुसामनं बराच विचार करून लिहिलं, 'मेडिकल इक्विपमेंट'. खोटंही नव्हतं ते!

खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, "ठीक आहे. मग चालतं कशावर? व्होल्टेज किती?"

हुसामनं तिथूनच मला फोन लावला. "दोक्तोरा, व्होल्टेज काय लिहू?"

मी शेजारी बसलेल्या लिनबाईंना विचारलं, "हे चालतं कशावर?"

बाईंनी विणता विणता मान वर न करता सांगितलं, "टू हँड."

हुसामनं त्या रकान्यात लिहिलं, 'दोन हात'. कारकुनानं शिक्का मारला, आणि काड्या सुटल्या!

*

विलोच्या काड्या वाळक्या असताना वळत नाहीत, आधी पाण्यात भिजवाव्या लागतात. घरी बाई त्या बाथटबमध्ये भिजवायच्या. आमच्याकडे बाथटब कुठला? पण शेजारच्या खोलीत, पेशंटचे आखडलेले सांधे कोमट पाण्यात सोडवण्यासाठी एक लांबलचक स्टीलचा टब आहे. बुधवारी सकाळी तो रिकामाच असायचा.

इन्फेक्शन कंट्रोलच्या ॲलीस सिस्टर केरळच्या, अतिशय कडक. त्या आल्या की डॉक्टरसुद्धा हात पुन्हा धुतात. एका बुधवारी त्या न सांगता तपासणीला आल्या. टबवर पांढरी चादर टाकलेली, खाली काहीतरी लांबट. त्यांनी चादर उचलली.

"ये क्या है? किसका पेशंट है ये?"

मी दाराशी सबब शोधत होते. साळुंखे मात्र वॉर्ड राउंडच्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, स्टिफनेस बहुत था. आधा घंटा भिगोया, अभी अच्छे से मुड रहे हैं."

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चादर पुन्हा नीट पांघरली. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून एक मोठा प्लास्टिकचा टब आला. वर चिठ्ठी होती, 'फक्त झाडांसाठी'.

*

हा एक छोटासा. लिनबाईंचा सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय, गरम पाणी. डोकं दुखतंय? गरम पाणी. बोटं ताठ झाली? गरम पाणी. भर ऑगस्टमध्ये बाहेर रस्ता वितळत असताना बाई थर्मास घेऊन प्रत्येकाच्या खुर्चीपाशी जायच्या.

साळुंखेनं महिनाभर मुकाट्यानं प्यायलं. शेवटी बाईंना म्हणाला, "मॅडम, कशाला एवढा त्रास घेता? ऑगस्टमध्ये इथं ते नळालाच येतं!"

*

अबू फहद म्हणजे बडं प्रस्थ. सत्तरीचे, अंगात शुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात पोवळ्याच्या मण्यांची माळ. पण माळ डाव्या हातात, कारण उजव्याला पक्षाघाताचा झटका आलेला. पहिल्या दिवशी मी काड्या पुढे ठेवल्या, तर त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "करीम!"

करीम हा त्यांचा ड्रायव्हर. तो आत आला, खुर्चीत बसला आणि विणायला लागला.

मी म्हटलं, "अबू फहद, व्यायाम तुमच्या हाताला हवाय."

ते म्हणाले, "वीस वर्षं हाच माझा हात आहे."

तीन आठवडे हेच चाललं. महिनाअखेरीला पकड मोजायचं यंत्र दिलं, तर अबू फहदांचा काटा जागचा हलला नव्हता. करीमनं आपलं सहज म्हणून दाबून पाहिलं. साळुंखेनं वहीत नोंद केली, 'ड्रायव्हर: उत्तम प्रगती.'

त्यांना वळवलं ते फोननं. लिनबाईंना अरबी येत नाही, इंग्रजीही चार शब्दांचं. त्या चिनीत बोलायच्या आणि फोन त्याचं अरबी करून मोठ्यानं सांगायचा. एकदा त्या शेजारच्या पेशंटला काडी कशी वळवायची ते सांगत होत्या. फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "जोर लावू नकोस. वेळ दे, ती स्वतःच वळेल."

अबू फहदांनी मान वर केली.

थोड्या वेळानं फोन म्हणाला, "कोरडी राहिली की तुटते."

अबू फहदांनी करीमला गाडीतून वही आणायला सांगितलं!

पुढच्या बुधवारी ते आपल्या दोन भावांना घेऊन आले. तिघंही हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून फोनसमोर बसले. लिनबाई बिचाऱ्या काड्यांबद्दल बोलत होत्या, हे तिघं माना डोलवत होते. तास संपत आला. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि काहीतरी पुटपुटल्या. फोन म्हणाला, "उशीर झाला. माझी बस निघून जाईल."

धाकट्या भावानं डोळे पुसले.

अबू फहद माझ्याकडे झुकून म्हणाले, "दोक्तोरा, याचा अर्थ काय असेल?"

मी म्हटलं, "अर्थ असा, की त्यांची बस निघून जाईल."

"खरं आहे," ते म्हणाले. "सगळ्यांचीच जाणार."

त्या दिवसापासून करीम बाहेर गाडीत बसायला लागला आणि अबू फहद स्वतः विणायला लागले.

*

अबू फहदांचीच गोष्ट आहे, पण ही वेगळी सांगायला हवी.

इथं प्रत्येक मोठ्या घराला पुरुषांच्या बैठकीची एक खोली असते, तिला दिवानिया म्हणतात. तिथं कॉफी देतात ती छोट्याशा, बिनकानाच्या कपात. कप उजव्याच हातानं घ्यायचा. रिकामा झाला की ओतणारा पुन्हा भरतो. पुरे झालं असेल तर तोंडानं बोलायचं नाही, कप बोटांत जरासा हलवायचा. तो समजतो आणि कप घेऊन पुढं जातो.

झटक्यानंतर अबू फहदांचा उजवा हात थरथरायचा. कप हातात आला की तो हलायचाच. आणि ओतणारा अदबीनं कप काढून घ्यायचा! एकच कप, तोही अर्धामुर्धा. मित्र तीन-तीन कप पीत गप्पा मारतायत आणि हे रिकाम्या हातानं बसलेले.

मी म्हटलं, "मग सांगायचं ना, आणखी हवी म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली. "चाळीस वर्षं त्या जागेवर बसलोय, दोक्तोरा. मी कॉफी मागू?"

म्हणून त्यांनी दिवानियालाच जाणं सोडलं होतं. घरी सांगितलं, डॉक्टरनी कॉफी बंद केली. हे गुपित त्यांनी मला सांगितलं ते पहिली टोपली अर्धी झाल्यावर.

चार महिने त्यांनी टोपल्या केल्या. पहिल्या दोन तर टोपल्या म्हणवत नाहीत. मग एका बुधवारी ते आले आणि दारातूनच उजवा हात वर करून तीन बोटं दाखवली.

मी विचारलं, "तीन टोपल्या?"

"तीन कप!" ते ओरडले. "आणि चौथ्याला मी हलवला. मी!"

*

देवरे साहेब नाशिकचे, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनीअर. खैरानच्या किनाऱ्यावर मित्रांबरोबर सहलीला गेले आणि गाडीच्या दारात उजवा हात सापडून आले. दोन बोटांचं ऑपरेशन झालं. पकड परत येईपर्यंत कंपनीनं त्यांना टेबलाशी बसवलं होतं, आणि प्लांटवर फिरायची सवय असलेला हा माणूस घरात नुसता धुमसत होता. हे मला सांगितलं त्यांच्या बायकोनं, सुजातावहिनींनी. "त्यांना काहीतरी अवघड काम द्या हो. सोपं दिलं की चिडतात."

देवरे दुसऱ्याच दिवशी काड्यांची जाडी मोजायला घरून व्हर्नियर घेऊन आले. प्रत्येक काडी मोजून तीन ढीग केले. मग जाडीत किती फरक चालेल म्हणून लिनबाईंना गंभीरपणे विचारलं, "मॅडम, व्हॉट इज द टॉलरन्स?"

लिनबाईंनी शब्द फोनमध्ये शोधला, वाचला आणि म्हणाल्या, "माय टॉलरन्स? व्हेरी लिटल."

तीन आठवडे देवरे एकाच टोपलीवर होते. दुहेरी बुडाची, घट्ट विणीची. बोटं दुखायची, कपाळावर घाम यायचा, पण मान वर नाही. शाळेला सुट्टी होती म्हणून एकदा मुलगी इरा बरोबर आली. देवरे म्हणाले, "इरा, बघ गं, बाबांनी काय केलं."

इरानं मोबाइलवरून क्षणभर नजर उचलली. "नाइस, बाबा. वी डिड दॅट इन केजी."

पुढची ओळ देवरेंनी दोनदा उसवून विणली.

टोपली पूर्ण झाली त्या दिवशी वहिनी मुद्दाम आल्या. देवरेंनी टोपली त्यांच्या हातात दिली, तर आत काहीतरी खुळखुळलं. हलवून पाहिलं, पुन्हा खुळखुळलं. देवरेंचा चेहरा उतरला. विणताना रुतते म्हणून ते लग्नातली अंगठी काढून मांडीवर ठेवायचे. ती दोन बुडांच्या मध्ये गेली होती आणि वरून बूड विणून बंद झालं होतं!

साळुंखे कात्री घेऊन आला. लिनबाईंनी टोपली उलटी केली, बोटानं जागा चाचपली आणि म्हणाल्या, "कट हिअर, ऑल फिनिश." इथं कापलं तर सगळी टोपली उलगडणार.

देवरे टोपलीकडे बघत होते. बरं झाल्यावर त्या हातानं केलेली ती पहिली वस्तू. मग म्हणाले, "कापा. अंगठी महत्त्वाची."

वहिनींनी टोपली पदराखाली धरली. "काही कापायचं नाही. एकोणीस वर्षं बोटात होती, कधी आवाज ऐकला नाही. आता निदान कळतंय तरी, की आहे!"

देवरे परत प्लांटवर जायला लागले. टोपली वहिनींच्या देवघराशेजारी असते, फुलांसाठी. रोज सकाळी वाजते.

*

माझी स्वतःची पण एक टोपली आहे. कपाटाच्या अगदी तळाशी, कोणाला दिसू नये म्हणून.

त्या वर्षी आमच्याकडे दोन माणसं कमी होती. सकाळी साताला यायचं, दुपारी जेवायला विसरायचं, असं चाललेलं. एका बुधवारी पेशंट कमी होते म्हणून मीही विणायला बसले. अर्ध्या तासात जे झालं, ते एका अंगाला कललेलं, काठ वरखाली. मी हसून बाईंना दाखवलं. म्हटलं, "व्हेरी बॅड."

बाईंनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली. "नॉट बॅड," त्या म्हणाल्या. "बास्केट टायर्ड."

मग माझ्या मांडीवरची फाइल काढून घेतली, थर्मासमधलं गरम पाणी कपात ओतलं आणि समोर ठेवलं. त्या दिवशी मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

*

आता हा एक सांगते आणि थांबते.

उम्म यूसुफ अडुसष्टच्या होत्या. झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द नाही. सात महिने एकही नाही. स्पीच थेरपी झाली, औषधं झाली. मुलगी नूरा शाळेत शिक्षिका, दर बुधवारी अर्धी रजा टाकून आईला घेऊन यायची. उम्म यूसुफ खुर्ची खिडकीकडे फिरवून बसायच्या. लिनबाई दर वेळी नेमानं काड्या शेजारी ठेवायच्या आणि तास संपल्यावर तशाच उचलायच्या.

नूरा एकदा मला म्हणाली, "आमच्या घरात आईच सगळ्यात जास्त बोलायची. आम्ही तिला सांगायचो, आई, जरा गप्प बस ना." मग खाली बघून म्हणाली, "दोक्तोरा, पुढच्या महिन्यापासून नाही आणणार तिला. तिला आवडत नाही. मी उगाच ओढून आणते."

मी फाइलीत तशी नोंद केली.

महिन्याचा शेवटचा बुधवार होता. खिडकीबाहेर माळी खजुरीची झाडं छाटत होते. फांद्या सपासप खाली पडत होत्या. उम्म यूसुफ त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांची मान एकेका फांदीबरोबर वरून खाली येत होती. नूराच्याही ते लक्षात आलं. ती म्हणाली, "लहानपणी ही तिच्या आजीबरोबर खजुरीच्या पातींच्या चटया विणायची. मी कधी पाहिलं नाही, नुसतं ऐकलंय."

मी साळुंखेला खाली पिटाळलं. तो एक अख्खी फांदी खांद्यावर टाकून आला. ॲलीस सिस्टर कॉरिडॉरमध्ये होत्या. त्यांनी फांदी पाहिली, आमची तोंडं पाहिली आणि काही न बोलता दार धरलं.

फांदी समोर ठेवली. उम्म यूसुफनी खुर्चीतून खाली बसायची खूण केली. दोघांनी धरून त्यांना सतरंजीवर बसवलं. त्यांनी डाव्या हातानं आतल्या कोवळ्या पाती ओढून काढल्या, नखानं उभ्या चिरल्या. मग डाव्या पायातली चप्पल काढली, पातींची टोकं डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरली आणि एका हातानं विणायला लागल्या. पट्टी बोटभर झाली, वीतभर झाली. खोलीतले सगळे आपापलं काम थांबवून बघत होते.

लिनबाई आल्या आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या. बराच वेळ त्या हाताकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा बूट काढला, मोजा काढला, चार पाती घेतल्या, पायाच्या अंगठ्यात धरल्या आणि उम्म यूसुफ करतात तसं करायला लागल्या. बाईंची बोटं किती सराईत! दोन मिनिटांत त्यांचीही पट्टी सुरू झाली.

उम्म यूसुफनी आपला हात थांबवला. पुढं वाकून लिनबाईंच्या पट्टीकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. ओठ हलले, आणि त्या म्हणाल्या,

"गलत!"

शब्द अरबीच, पण हिंदीतही तोच, त्यामुळे लिनबाई सोडून खोलीतल्या प्रत्येकाला कळला. नूराच्या हातातली पर्स खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

लिनबाईंना अरबी येत नव्हतं, आणि फोन टेबलावर राहिला होता. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "व्हॉट शी से?"

उम्म यूसुफनी लिनबाईंच्या गुडघ्यावर चापट मारली आणि पट्टीवर बोट ठेवून आणखी मोठ्यानं सांगितलं, "गलत!"

लिनबाईंनी मान हलवली, पट्टी पूर्ण उसवली, पाती मांडीवर सरळ केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. उम्म यूसुफ वाकून बघत होत्या. एक वेढा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याला त्या पुन्हा म्हणाल्या,

"गलत!"